ओंडक्यांचं बिरडं

लग्नानंतर हातातल्या काचेच्या बांगड्या मी पहिल्यांदा उतरवल्या त्या निडीजवळच्या एका लाकडाच्या वखारीत, मशीनभोवती मारलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभी राहून. नवरा धडधाकट, सकाळीच रोह्याला कंपनीत शिफ्टवर गेलेला, आणि मी इकडे बांगड्या काढतेय. आमच्या गावाकडे कुणी पाहिलं असतं तर बोंब झाली असती. पण वखारीचे शेठ लांबून ओरडले, "वयनी, बांगडी दात्यांत अडकली तर हात जाईल. मग भरशील कुठं बांगड्या?"

बोलले ते खरंच होतं. माझ्याबरोबर कोयत्याने साल काढणाऱ्या काकी पुढे आल्या. त्यांनी स्वतःच्या पदराच्या काठातून दोन हिरवे धागे ओढून काढले आणि माझ्या मनगटांना एकेक बांधला.

"ही तुजी बांगडी. अडकली तरी तुटंल, हात घेऊन जाणार नाय. चल गो बाय, चालव आता."

मी हिरवं बटण दाबलं.

तिथवर मी कशी पोचले ते सांगायला हवं, कारण माझं मलाच अजून पुरतं खरं वाटत नाही. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्याही पलीकडे. गावात शाळा सातवीपर्यंत. सातवी झाली आणि मी घरी बसले. कुणी बळजबरी केली नाही, मी रडलेही नाही. सगळ्याच मुली बसायच्या. लग्न झालं, मुलगी झाली, आणि गावातल्या एका ओळखीच्या ठेकेदाराबरोबर नवरा रोह्याला कंपनीत आला. मागून मी आले. पोरीला माझ्या आईकडे ठेवून आले, कारण निडीत आम्हाला मिळालेली खोली म्हणजे अर्धी खोली होती. मधोमध जुनी साडी बांधलेली. साडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे नवऱ्याच्या कंपनीतलं दुसरं जोडपं. त्यात पोर झोपवायची कुठे?

रविवारी आई फोन लावून द्यायची. पोर विचारायची, "आई, तू कवा येशीन?" आणि मी काहीतरी दुसरंच विचारायची. जेवली का. शाळेत गेली का. शेळीला पिल्लं झाली का.

मला काळजी करायला कारण लागत नाही. नवऱ्याची शिफ्ट अर्धा तास लांबली की मला कंपनीचा भोंगा न वाजताच ऐकू येतो. तेव्हा हातांना काम असलेलं बरं म्हणून मी वखारीत लागले. मागे रेल्वेचा रूळ, पुढे कालवा, आणि मधल्या मोकळ्या जागेत निलगिरी आणि अकेशियाच्या ओंडक्यांचे ढीग. आम्ही पाच-सहा बायका उकिडवं बसून कोयत्याने त्यांची साल काढायचो. साल निघाली की शेडमध्ये मिस्त्री ओंडका करवतीवर चढवायचे आणि फळ्या पाडायचे. मिस्त्री इथलेच, निम्मे बहिरे, आणि त्यामुळे अतिशय मोठ्याने बोलणारे.

बायकांना माझी भाषा म्हणजे फुकटचा तमाशा. मी "काहून?" म्हटलं की त्या एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

"पुन्हा बोल गो, पुन्हा बोल."

"काहून बोलू?"

की झालं, पुन्हा हसू. पण त्याच बायकांनी मला चुलीपासून दवाखान्यापर्यंत सगळं दाखवलं. काकींनी तर पहिल्याच दिवशी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला होता. त्यांच्या घरची भातशेती, वखारीच्या कुंपणाला लागूनच. पावसाळ्यात भात, भात निघाला की त्याच ओलीवर वाल, आणि वाल निघाले की आमच्याबरोबर कोयता.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता शेठनी कुठूनतरी साल काढायची जुनी मशीन आणली. दोन लांबलचक लोखंडी रूळ, लाटण्यासारखे गोल, शेजारी शेजारी निजवलेले, दोघांना अंगभर दाते. वरून ओंडका सोडायचा. रूळ फिरले की ओंडका जागच्या जागी गरगर फिरतो, आणि बाजूने एक लांब सुरी त्याला टेकते. साल खाली पडते, ओंडका वर नागडा. सुरी किती टेकवायची ते एका हातचाकाने ठरवायचं. बायकांनी त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, सोलणी.

मशीन बसवायला फिटर आला होता, त्याला मी प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. हे बटण कशाचं? ते दाबलं नाही तर काय होईल? ओंडका बाहेर उडाला तर कुठल्या बाजूला उडेल? मला मशीन चालवायची मुळीच हौस नव्हती. आम्ही बसायचो त्या जागेपासून ती आठ-दहा पावलांवर होती आणि उडालेला ओंडका कुणाच्या अंगावर येणार एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. फिटर गेल्यावर शेठनी विचारलं, "चालवणार कोण?" मिस्त्री ओरडले, "मी माझी करवत सोडणार नाय!" बाकीचे गडी ओंडक्यांकडे बघायला लागले. तेव्हा शेठ म्हणाले, "या वयनीला सगळी बटणं पाठ झालीत. हीच चालवंल."

मग मला बाजूला बोलावून त्यांनी खरं काय ते सांगितलं.

"जोह्याच्या कारखानदाराची ऑर्डर हाय. परदेशात जाणाऱ्या गणपतींच्या पेट्यांच्या फळ्या. आमच्या वखारीची पहिलीच मोठी ऑर्डर. ती पास झाली, तर तू कायमची ऑपरेटर. वखारीच्या मागची खोली ऑपरेटरची, नळ-लाईटसकट. नाय झाली, तर वरच्या मुलखातला, उत्तरेकडचा एक ऑपरेटर बोलून ठेवलाय, तो येईल. मग तू परत कोयत्यावर. राग मानू नको."

राग कसला मानते? माझं लक्ष एकाच शब्दावर अडकलं होतं. खोली. पक्की भिंत, दार, कडी. जूनमध्ये शाळा उघडते आणि जिल्हा परिषदेची शाळा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या रविवारी पोरीने विचारलं, "कवा येशीन?" तर मी पहिल्यांदा म्हटलं, "मी नाही येत. तूच ये." बोलून बसले खरी, पण अजून हातात काहीच नव्हतं.

काम सुरू करायच्या आधी शेठनी मला आणि मिस्त्रींना टेम्पोत घालून पेणजवळ जोह्याला नेलं. दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने. रंग न दिलेले पांढरेशुभ्र गणपती रांगेने बसलेले, कुणाला डोळे नाहीत, कुणाचा हात अजून वाळतोय. तिथल्या कारखानदाराने कोपऱ्यातून एक जुनी पेटी ओढून आणली. आधीच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून घेतलेली.

"ही बघा. सगळा माल अडला होता हिच्यामुळं."

मी वाकून पाहिलं. फळीच्या एका कडेला बोटभर साल राहिली होती. तिच्याखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं.

"सालीखाली कीड राहते. लाकूड भट्टीत तापवून पाठवतो आपण, पण साल दिसली की तपासणारा पुढं बघतच नाय. तिकडच्या लोकांना आपला देव पाहिजे, आपला किडा नको."

मिस्त्री एवढ्या जोरात हसले की रंगकाम करणाऱ्या पोरी दचकल्या. मी मात्र ती बोटभर साल बघत राहिले. परतीच्या वाटेवर टेम्पोच्या फळकुटावरही मला तीच दिसत होती.

आणि मग, बांगड्या उतरवून हिरवं बटण दाबलं तिथून, सुरू झाली खरी कसोटी. या ऑर्डरचे ओंडके उशिरा आले होते. झाडं तोडली दिवाळीच्या सुमाराला, पण वाहतुकीच्या परवान्यात अडकून ती महिनोन्महिने कुणाच्या तरी माळावर उन्हात पडून राहिली. ताज्या झाडाची साल हाताला लागते. वाळलेल्याची साल लाकडाला अशी धरून बसते की जणू दोघांचं नुकतंच लग्न झालंय. मी सुरी हलकी टेकवली तर साल पट्ट्यापट्ट्यांनी मागे राहायची. जोरात टेकवली तर सालीबरोबर लाकूडही जायचं. मला ती बोटभर साल आठवायची आणि माझा हात आपोआप चाक पुढे फिरवायचा. आणखी थोडं. आणखी थोडं.

दुपारी शेठ आले. सोललेल्या ओंडक्यांच्या रांगेपुढे उभे राहिले. एक उचलून काखेत धरला.

"वयनी, साल काढायला सांगितली होती. पेन्सिल करायला नाय."

मागून मिस्त्री ओरडले, "हिच्यातून फळी नाय निघत, शेठ! पट्टी निघंल, शाळेतली!"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. शेठ चिडलेले नव्हते, पण जाताना फोन काढून कुणाशी तरी हिंदीत बोलत गेले आणि मी मनात ओळखलं, तो वरच्या मुलखातला ऑपरेटर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकी नेहमीप्रमाणे बिरडं सोलत बसल्या होत्या. इकडच्या बायकांचं हे मला फार आवडतं. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून डब्यातूनच घेऊन येतात आणि सुट्टीत बोलता बोलता सोलून टाकतात; संध्याकाळी घरी गेलं की थेट फोडणी. नव्या वालांचे दिवस होते, सगळ्यांच्याच डब्यांत बिरडं. दोन बोटांत दाणा धरायचा, हलकेच दाबायचा, की साल हातात आणि दाणा टुणकन ताटात. गप्पा थांबत नाहीत, दाणे थांबत नाहीत.

मीही सोलायला बसले. माझं ध्यान नव्हतं. त्यांच्या पिशवीत थोडे कोरडे वालही होते, शेजारणीला द्यायला आणलेले. त्यातला एक माझ्या हाताला लागला आणि मी तोच सोलायला घेतला. नख लावलं, दात लावला. साल काही सुटेना, दाण्याचा टवका मात्र निघाला.

"काय करतंस गो?" काकींनी माझा हात धरला. "कोरडा वाल सोलतो का कोण? दाना खाशील सगळा नि साल तशीच ऱ्हाईल."

मी हातातल्या दाण्याकडे पाहिलं. एका बाजूने खाल्लेला, दुसऱ्या बाजूला साल तशीच. मग मी सोलणीकडे पाहिलं.

"काकी," मी म्हटलं, "लाकडं भिजवली तर?"

बायकांनी सोलता सोलता माना वर केल्या. मग त्यातली एक म्हणाली, "नि मोड आले तर?"

हसून हसून एकीला ठसका लागला. पण काकी हसल्या नाहीत. त्यांनी एक भिजलेला दाणा उचलला, दाबला, साल बोटांत धरून बघितली.

"आमच्याकडं अंबाडी भिजवतात," मी घाईघाईने सांगायला लागले, "नाल्यात, दगडाखाली. मग साल आपोआप सुटते, तिचे दोर वळतात..." बोलता बोलता माझाच आवाज बारीक झाला. अंबाडी कुठे, हे ओंडके कुठे.

"शेठला सांग," काकी म्हणाल्या.

"तुम्ही सांगा ना."

"मशीन तुजी का माजी?"

पण माझं तोंड उघडेना, म्हणून शेवटी त्याच बोलल्या. शेठनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काकी, अख्खी दुनिया लाकूड सुकवते. तुम्ही भिजवायला सांगताय?"

"फळी सुकवा की! आमी ओंडक्याचं बोलतंव. शेठ, तुमच्या घरी वाल कोण सोलतो?"

"बायको."

"तिला इचारा."

शेठ हट्टी माणूस, पण त्यांनी खरंच फोन लावला, आणि आम्हाला खोटं पाडायचं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडून, शेठच्या पेणच्या घरातून, कुकरची शिटी ऐकू आली.

"ऐक ना. वाल कोरडे सोलतात का भिजवून?"

गॅस बंद केल्याचा खटका आला. मग, "तुम्ही वखारीतच हाव ना?"

"व्हय गो."

"ऊन लागलंय का?"

"सांग ना!"

"कोरडे सोलाल तर नखं जातील. भिजत घालायचे, मोड आणायचे, नि सोलताना कोमट पाण्यात. गार पाण्यात नाय. जन्मभर हादडलंत नि आज इचारताय? येताना नारळ आणा."

फोन बंद झाला. मिस्त्रींना काही ऐकू आलं नव्हतं, ते ओरडले, "काय म्हणाल्या?" आणि शेठच त्यांच्या कानाशी ओरडले, "नारळ आणा म्हणाली!"

जागेचाच प्रश्न राहिला. एवढे ओंडके बुडवायला हौद कुठून आणायचा? शेठ बोटाने कपाळ खाजवत होते तेवढ्यात काकींनी कुंपणापलीकडे हात केला.

"माजं खाचर रिकामं हाय. वाल निघालेत. कालव्याला पाणी हाय. बांध चांगले हायत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. शेत म्हणजे काय, मला माहीत आहे. आमच्याकडे बांध एक वीत सरकला तर माणसं बोलायची थांबतात, आणि ही बाई आपल्या शेतात परक्याचे ओंडके लोळवायला देत होती.

"बदल्यात काय?" शेठनी विचारलं.

"साल सगळी माजी. राबाला."

राब म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पावसाआधी भाताच्या रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण, गवत अंथरून जाळतात, मग त्या भाजलेल्या जमिनीत रोपं जोमाने येतात. त्यासाठी बायका रानातून डोक्यावर भारे आणतात. काकींच्या गुडघ्यांना ते आता झेपत नव्हतं. शेठ सालीचे ढीग नाहीतरी उकिरड्यावरच टाकत. लगेच "नेवा" म्हणाले.

गड्यांनी कुंपणाच्या दोन तारा सोडल्या आणि पहारींनी ओंडके लोटत लोटत खाचरात नेले. काकींनी स्वतः फावड्याने पाट फोडला. पाणी शिरलं, ओंडके आधी रुसल्यासारखे पडून राहिले, मग एक हलला, दुसरा हलला, आणि बघता बघता सगळे तरंगायला लागले. मिस्त्रींनी पावसाळ्यात शेडला लावायचं काळं प्लास्टिक काढलं. त्याने अख्खं खाचर झाकलं. फाल्गुनातलं ऊन त्या काळ्या प्लास्टिकवर पडलं की खालचं पाणी दुपारी हाताला चांगलं गरम लागायचं.

"झाकण ठेव म्हणजे वाफ धरंल," काकी म्हणाल्या, जणू चुलीवर कढई आहे.

आठवडाभर ओंडके भिजत होते आणि मी सुकत होते. रोज सकाळी प्लास्टिकचा कोपरा उचलून नखाने साल टोकरायची. लाकूड कुजलं तर? काकींचं शेत नासलं तर? रूळ ओल्या ओंडक्याला धरतील का, की तो निसटून उडेल? नवऱ्याला मी हे सगळं इतक्यांदा सांगितलं की तो म्हणाला, "तू त्या पाण्यात उतरून बस. लवकर मोड येतीन." तो फारसं बोलत नाही, पण बोलला की असं बोलतो. पण त्यानेच सुट्टीच्या दिवशी येऊन गड्यांबरोबर ओंडके बाहेर काढले आणि नळीने चिखल धुऊन सावलीत निथळत ठेवले.

पहिला ओंडका रुळांवर सोडला तेव्हा सगळी वखार माझ्याभोवती गोळा झाली होती. मिस्त्रींनी आपली करवतसुद्धा बंद केली होती. मनगटाला काकींच्या पदराचे हिरवे धागे. सुरी मी मागे घेतली, पहिल्यापेक्षा कितीतरी मागे. बटण दाबलं. रुळांच्या दात्यांनी ओंडका धरला, एकदा घसरला, पुन्हा धरला, आणि तो फिरायला लागला. मी चाक हलकेच पुढे घेतलं. सुरी टेकली.

साल सुटली ती तुकड्यांनी नाही. एका कडेने उचकटली आणि घडी घातलेलं लुगडं उलगडावं तशी अख्खी, लांबच्या लांब, खाली उतरत गेली. आत ओंडका पांढरा, ओला, गुळगुळीत. लाकडाचा कीस नाही. सालीचा धागा नाही. जेवढा जाड आत गेला होता तेवढाच जाड.

"निघालं गो बिरडं!" काकी ओरडल्या, आणि बायकांनी असा गलका केला की मागून जाणाऱ्या मालगाडीचा आवाजही त्यात बुडाला. मी लाल बटण दाबून मशीन थांबवली, खाली वाकले, ओंडक्यावरून दोन्ही तळवे फिरवले. टोकापासून टोकापर्यंत. मग दुसरा सोडला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत माझे खांदे भरून आले, पण मला थांबायचंच नव्हतं. मिस्त्रींच्या करवतीखाली ओलं लाकूड लोण्यासारखं चाललं होतं. सालीत अडकलेली माती-खडी सालीबरोबरच गेल्यामुळे त्यांच्या करवतीच्या दातेरी पट्ट्याची धारही टिकली. ते माझ्याकडे न बघता ओरडले, "आज पट्टा नाय बदलला!" त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

सालीचे भारे काकींच्या वरच्या वाफ्यावर गेले. फळ्या शेडमध्ये, मध्ये पट्ट्या देऊन, वारा खेळेल अशा रचल्या. त्या सुकल्या, आणि माल तपासणारा आला.

तरुण माणूस, शांत आवाजाचा, पायात चांगले बूट. त्याने थप्पीच्या वरच्या फळ्यांना हातच लावला नाही. गड्यांना म्हणाला, "खालच्या काढा." एकेक फळी उन्हात धरायचा, चारही कडांवर बोट फिरवायचा, बाजूला ठेवायचा. आम्ही बायका लांब उभ्या. शेठ रुमालाने मान पुसत होते.

एका फळीवर त्याचं बोट थांबलं.

कडेला काळसर डाग होता, रुपयाएवढा. त्याने फळी डोळ्यांजवळ नेली. शेठनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे जोह्याची ती पेटी, ती बोटभर साल, आणि मागच्या खोलीचं बंद दार, सगळं एकदम आलं. त्याने विचारलं, "हे काय आहे?"

शेठ काही बोलायच्या आत मला माझाच आवाज ऐकू आला.

"गाठ आहे, साहेब. फांदी होती तिथं. साल नाही ती."

त्याने खिशातून छोटी पटाशी काढली आणि डागावर खरवडली. पुन्हा खरवडली. बारीक, कोरडा, तपकिरी भुगा पडला. खाली लाकूड, कठीण, सलग. त्याने फुंकर मारली आणि फळी पास झालेल्यांच्या थप्पीवर ठेवली.

"गाठच आहे," तो म्हणाला, आणि पुढची उचलली.

त्यानंतर त्याने कितीतरी फळ्या पाहिल्या, पण मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते शेवटचं. रुमालाने हात पुसत त्याने शेठना विचारलं, "साल कोण काढतं तुमच्याकडे? इतक्या स्वच्छ कडा मी क्वचित बघतो."

शेठनी माझ्याकडे हात केला. काकींना तेवढं पुरेना. "हिनं काढली," त्या म्हणाल्या, "नि माज्या शेतानं."

त्याला काही कळलं नाही. तो हसून गाडीत बसला. गाडी कालव्याच्या पुलावरून दिसेनाशी झाली तशी शेठनी फोन काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर मोठ्याने बोलले, "भाईसाब, मत आना. हमको ऑपरेटर मिल गया." मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मागच्या खोलीची. मी ती मुठीत धरून तिथेच खाली बसले आणि पदर तोंडावर घेतला. बायकांना वाटलं मी रडतेय. थोडं रडतही होते.

वैशाखात माझी आई पोरीला घेऊन आली. रोह्याला उतरली तेव्हा पोर सगळ्या प्रवासाने सुकली होती, पण खोली पाहिली आणि आधी कडी लावून बघितली, मग काढून बघितली, मग नळ सोडून बघितला. काकींनी तिच्यासाठी बिरड्याची उसळ करून आणली होती. आई काकींचे हात धरून कितीतरी वेळ बसली. एकीची भाषा दुसरीला निम्मीच कळत होती, तरी दोघींचं चांगलं जमलं.

आता पाऊस यायला थोडेच दिवस राहिले होते. एका सकाळी नव्या ऑर्डरच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक वखारीत शिरला. शेठ अजून पेणहून यायचे होते. ड्रायव्हरने काचेतून मान बाहेर काढली आणि विचारलं, "माल कुठं टाकायचा? ऑपरेटर कोण इथला?"

मी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. शेडमध्ये मिस्त्रींची करवत चालू होती, आणि खोलीच्या दारात माझी पोर कानांत बोटं घालून उभी होती.

"मीच," मी म्हटलं. "इथं नका टाकू. पलीकडं, खाचरात. पाण्यात."

ड्रायव्हरने कानामागे हात धरला. करवतीच्या आवाजात त्याला ओठ हललेले तेवढे दिसले असतील. पोरीने कानांतली बोटं काढली.

"आई, जोरानं सांग नं. त्यायले आयकूच नाही गेलं."

मी ट्रकच्या अगदी पुढे जाऊन उभी राहिले आणि जोराने सांगितलं.